सामायिक ट्रॅक्टर

निफाड तालुक्यात डिसेंबर लागला की माणसं एकमेकांना दोनच आकडे विचारतात. लासलगावला कांदा काय भावानं गेला, आणि कुंदेवाडीला पारा कितीवर उतरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेलं तापमान राज्यातलं नीचांकी म्हणून पेपरात छापून आलं, की त्या दिवशी तालुक्याची मान उगाचच ताठ होते. द्राक्षवाल्यांना मात्र त्यात कौतुक वाटत नाही. पारा पाचाच्या खाली गेला की भरत आलेल्या मण्यांना तडे जातात. मग रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं सोडायचं आणि वारा सुटायच्या आत ब्लोअर फिरवून फवारणी उरकायची. एवढ्या सगळ्यासाठी ट्रॅक्टर पहाटेच सुरू व्हावा लागतो.

कादवेच्या काठच्या एका गावात दोघा भावांचा ट्रॅक्टर नेमका पहाटेच सुरू होईना.

ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी, नानांनी, १९८८ साली घेतलेला. तीन सिलिंडरचा, ३५ हॉर्सपॉवरचा. नाना गेले आणि वाटण्या झाल्या. जमीन बांध घालून वाटली, विहीर पाळी लावून वाटली, बैल विकून पैसे वाटले. ट्रॅक्टर काही कापता येईना, म्हणून तो सामायिक राहिला. एक आठवडा थोरल्याचा, एक धाकट्याचा. सोमवारी सकाळी चावी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर जायची.

जायची ती फक्त चावी. रविवारी संध्याकाळी टाकीत जेमतेम घर गाठण्यापुरतं डिझेल उरावं, अशा बेतानं दोघंही चालवत. आपल्या पैशाचं डिझेल दुसऱ्याच्या आठवड्यात कशाला जळू द्यायचं? ऑइल बदलायची वेळ आली की ज्याच्या त्याच्या मनात यायचं, आपला आठवडा तर संपतच आला. थोरल्यानं एकदा बदललं खरं. पण विहिरीवरच्या जुन्या इंजिनासाठी आणून उरलेलं चाळीस नंबरचं घट्ट ऑइल त्यानं यात ओतून टाकलं. धाकट्यानं रात्रीच्या फवारणीसाठी मागे दोन दिवे लावले, हौसेनं एक म्युझिक हॉर्नही बसवला, आणि त्यांच्या वायरी बॅटरीच्या अर्थिंगच्या बोल्टाखाली सारून दिल्या. टॅपेटचं झाकण नानांच्या नंतर कुणी उघडलंच नव्हतं. नांगराला लावला की ट्रॅक्टरला धाप लागायची. ती दोघंही त्याच्या म्हातारपणाच्या नावावर टाकायचे.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. छाटणी झाली, घड लागले. ट्रॅक्टर कुरकुरत का होईना, चालत राहिला.

मग थंडी आली. पहिल्यांदा दोन हिसके जास्त लागले. पुढच्या आठवड्यात पाच-सहा लागायला लागले. डिसेंबर संपता संपता स्टार्टर नुसता घुं-घुं करून दमायचा आणि इंजिन ढिम्म. शेजारी आपल्या ट्रॅक्टरनं टोचन लावून ओढायचा, तेव्हा कुठं ते खोकत खोकत सुरू व्हायचं. टोचनचे पैसे शेजारी घेत नव्हता, पण सल्ले देत होता. “डिझेल गोठतंय तुमचं,” तो म्हणाला. दुसऱ्यानं सांगितलं, एअर क्लीनरच्या तोंडाशी बोळा पेटवून धरा. धाकट्यानं तेही केलं. तिसऱ्यानं इथरचा स्प्रे आणून दिला.

दोघांनी खर्चही केला. पण आपापल्या आठवड्यात, एकमेकांना न सांगता. थोरल्यानं स्टार्टर खोलून कार्बन बदलून आणले. धाकट्यानं नोझल काढून पिंपळगावला तपासून आणले. ट्रॅक्टर गॅरेजला न्यायचे ते दुपारी. ऊन अंगावर घेऊन, पाच किलोमीटर चालून आलेलं इंजिन तिथं अर्ध्या हिसक्यात सुरू व्हायचं. मेकॅनिक हात पुसून म्हणायचा, “चालतोय की!” शेवटी एका गॅरेजवाल्यानं निकाल दिला: इंजिन बसलंय, बांधावं लागेल, साठ हजार धरून चाला.

साठ हजार म्हटल्यावर मग खरं भांडण पेटलं.

“तुझ्या त्या हॉर्नानं बॅटरी खाल्ली,” थोरला म्हणाला.

“आणि दादा, तुम्ही विहिरीवरचं तेल ओतलंत ते?”

“टाकी कोरडी करून कोण देतं सोमवारी?”

“मी? मागच्या सोमवारी तर बांधावर बंद पडला, दोन लिटरचं कॅन घेऊन गेलो मी!”

भंगारात काढू, निम्मे निम्मे घेऊ, इथपर्यंत गोष्ट आली. दोघांची आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “विकायच्या आधी चाचांना एकदा दाखवा. तुमचे नाना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत त्याला.”

चाचा मिस्त्री आता गॅरेजवर बसत नसत. गॅरेज मुलगा बघायचा. त्यांची सुरुवात विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनांपासून झालेली. हँडल मारून सुरू करायची ती इंजिनं. भाऊ दुपारी बोलवायला गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आत्ता येऊन काय बघू? आजार पहाटेचा आहे. उद्या उजाडायच्या आत येतो. तोवर त्याला हात लावू नका. झाकू नका, हलवू नका, आणि तो स्प्रे घरात ठेवू नका.”

“स्प्रेनं तर लागतो सुरू,” धाकटा म्हणाला.

“लागतो. पिस्टन वर पोचायच्या आधीच पेटतो तो. एक दिवस रिंग तुटेल, नाहीतर पिस्टन फुटेल. मग साठ हजार खरंच लागतील.”

दुसऱ्या दिवशी चाचा आले तेव्हा अंगणात श्वासाची वाफ दिसत होती. त्यांच्या हातात पान्ह्यांची पेटी नव्हती. खिशात एक मल्टीमीटर होता आणि पिशवीत हातभर पारदर्शक नळी. आधी त्यांनी टाकीतलं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढलं आणि बॅटरीच्या उजेडात धरलं. डिझेल स्वच्छ होतं, त्यात ढगाळपणा नव्हता.

“गोठायला लागलेलं डिझेल आधी गढूळ दिसतं, मेण धरतं,” ते म्हणाले. “शेजारच्याला सांगा, डिझेलची काही चूक नाही.”

मग त्यांनी विचारलं, “सुरू करताना धूर कसला येतो?”

“काळा,” थोरला म्हणाला.

“पांढरा,” धाकटा म्हणाला.

“येतच नाही,” असं म्हणून थोरल्यानं लगेच आपलं पहिलं उत्तर बदललं.

चाचांनी चुलीकडे तोंड वळवलं. “वहिनी, तुम्ही रोज इथं बसता. तुम्ही सांगा.”

आईनं फुंकणी खाली ठेवली. “आधी कितीतरी वेळ धूरच नसतो. ही दोघं भांडून घेतात तोवर. मग पांढरा येतो, डोळ्यांना झोंबणारा. सुरू झाला की एक काळा भपकारा निघतो, आणि मग साफ.”

“झालं,” चाचा म्हणाले. “निम्मं काम वहिनींनी केलं.”

भावांना काही उमजेना. चाचांनी ओट्यावर बसून समजावलं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबानंच हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तीच ही गोष्ट. धूरच नसेल तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचलं, त्याची वाफ झाली, पण ते पेटलं नाही, कारण हवा पुरती तापली नाही. “म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरला एक आजार नाही. आधी डिझेल उशिरा येतं, आणि आलं तर जाळायला गरमी नाही.”

“गरमी का नाही?” धाकट्यानं विचारलं.

“हँडलचं इंजिन आठवतं का? विहिरीवरचं? आधी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, चाक हलकं करून जोरात फिरवायचं, वेग आला की खटका पाडायचा. वेग नसेल तर कितीही हँडल मारा, लागायचं नाही. हळू दाबलेली हवा गरमी सिलिंडरच्या गार भिंतीला देऊन बसते, आणि फटीतून निसटायलाही तिला वेळ मिळतो. थंडीत हवा मुळात गार, ऑइल घट्ट, बॅटरीतला जोर कमी. तिन्ही गोष्टी एकाच वेळी उलट्या.”

मग मीटर लावला. बॅटरी शांत असताना १२.५ व्होल्ट. “बॅटरी मेलेली नाही.” थोरल्याला क्लच दाबून स्टार्टर मारायला सांगितलं, फक्त दहा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, नाहीतर स्टार्टर जळेल. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १०.४ दिसले. तेच स्टार्टरच्या टोकावर आणि त्याच्या अंगावर मोजले तर ८.४.

“दोन व्होल्ट वाटेत कुणीतरी खाल्ले,” चाचा म्हणाले. मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवून पुन्हा स्टार्टर मारायला लावला. १.७. मग त्यांनी धाकट्याला बोलावलं आणि अर्थिंगच्या बोल्टावर हात ठेवायला सांगितला. त्या गार पहाटे बोल्ट कोमट लागत होता.

बोल्ट खोलला. खाली गंज, त्यावर रंग, त्यावर दिव्यांच्या आणि हॉर्नच्या वायरींचे तीन थिंबळ एकावर एक, आणि सगळ्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी. जाड अर्थिंग केबल सगळ्यात वर, नीट टेकलेलीसुद्धा नव्हती.

थोरल्याचा चेहरा उजळला. “म्हटलं नव्हतं? हॉर्न!”

चाचांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. वहिनींकडून गरम पाणी आणि खायचा सोडा मागितला, टोकं धुतली, पॉलिश पेपरनं लोखंड चकचकीत करून घेतलं, केबल आधी आणि थेट लोखंडावर बसवली, वायरी दुसऱ्या बोल्टावर नेल्या आणि वर व्हॅसलिन चोपडलं. मग टोचन लावून ट्रॅक्टर सुरू करून दिला आणि निघाले.

“बाकीचं?” थोरल्यानं विचारलं.

“उद्या. थंड इंजिन दिवसातून एकदाच भेटतं. आज सगळंच बदललं तर कशानं लागलं ते कळणार नाही, आणि पुढच्या थंडीत परत साठ हजारांवर याल.”

दुसऱ्या पहाटे स्टार्टरचा आवाजच वेगळा होता. कण्हणं गेलं होतं, इंजिन झपाझप फिरत होतं. पण धूर नव्हता. चाचांनी थांबवलं आणि फीड पंपाचा हात-प्रायमर मारायला घेतला. फिल्टरवरचा ब्लीडिंगचा स्क्रू ढिला करताच डिझेलऐवजी फेस आला. फेस थांबून स्वच्छ धार लागेपर्यंत मारलं, स्क्रू आवळला, स्टार्टर दिला. पहिल्याच फेऱ्यांत पांढरा धूर आला.

“रात्रीतून लायनीत हवा शिरते,” चाचा म्हणाले. “कुठून, ते बघू.”

या ट्रॅक्टरची बॉनेटखालची मूळ टाकी गंजली, तेव्हा नानांनी दुसरी टाकी खाली, मडगार्डाजवळ बसवून घेतली होती. त्यामुळे डिझेल पंपानं वर ओढून न्यावं लागायचं. ओढणाऱ्या बाजूला कुठं बारीक फट असली की डिझेल बाहेर सांडत नाही. हवाच आत शिरते आणि लायनीतलं डिझेल रातोरात टाकीत परत उतरतं. चाचांनी टाकी आणि पंपाच्या मधल्या लायनीत पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन चालू केलं. नळीतून बुडबुडे एकामागून एक जाताना तिघांनी पाहिले. टाकीकडचा एकेक सांधा हातानं दाबत चाचा मागं मागं गेले. एका बँजो बोल्टाला दाबल्यावर बुडबुडे थांबले. त्याचे तांब्याचे वॉशर इतक्या वेळा आवळले गेले होते, की दगडासारखे कडक झाले होते.

“टाकी भरलेली असायची तेव्हा हा सांधा डिझेलाखाली असायचा,” चाचा म्हणाले. “तेव्हा फार तर ओलसर दिसला असेल. टाकी कोरडी झाली की हाच हवा पितो. रविवारी रात्री टाकीत काय असतं तुमच्या?”

दोघंही गप्प. मग धाकटा हळूच म्हणाला, “दादांच्या रविवारी तर थेंब नसतो.”

“आणि तुझ्या?” थोरला म्हणाला.

आई चुलीपाशी हसली. चाचांनी नवे वॉशर टाकायला सांगितले. पण दुकान उघडायला वेळ होता. मग त्यांनी जुनेच चिमट्यात धरून चुलीतल्या निखाऱ्यांवर लाल होईतो तापवले आणि पाण्यात सोडले. तांबं असं केल्यानं पुन्हा मऊ होतं. वॉशर बसवून बोल्ट आवळला, तेव्हा नळीतला शेवटचा बुडबुडा पुढे निघून गेला आणि मागून स्वच्छ पिवळं डिझेल आलं. नवे वॉशर नंतर आले, दहा-वीस रुपयांचे.

तिसऱ्या पहाटे धूर लगेच आला. इंजिन पेटलं, पण अडखळत, दोन पायांवर चालल्यासारखं, आणि स्टार्टर अजून जड वाटत होता. चाचांनी ऑइलची पट्टी बाहेर काढून तिरपी धरली. थेंब टोकाशी येऊन लोंबत राहिला, पडेना. “हे विहिरीचं आहे,” ते म्हणाले. ट्रॅक्टर चालवून इंजिन गरम झाल्यावर ते तेल काढून टाकलं आणि फिल्टर बदलून, थंडीत पातळ राहणारं आणि तापल्यावर ताकद धरणारं १५डब्ल्यू४० भरलं.

आता धाकट्याची पाळी होती. “ऐकलंत ना दादा?”

चाचांनी हात वर केला. “पोरा, कालच्या आणि परवाच्या हिशेबात तू एकानं मागे आहेस. पुढं बोलू नकोस.”

चौथ्या पहाटे स्टार्टर हलका झाला होता, तरी अडखळणं तसंच. चाचांनी इंजिन सुरू होताच नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून अर्धा आटा ढिले केले. पहिला ढिला करताच आवाज पडला. तो सिलिंडर काम करत होता. तिसराही तसाच. मधला ढिला केला तरी आवाजात फरक नाही. थंडीत मधला सिलिंडर झोपलेलाच होता. गरम झाल्यावर तो उठायचा, म्हणून दुपारी कुणाला पत्ता लागायचा नाही. संध्याकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॅपेटचं झाकण उघडलं. मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या फटीत फिलर गेजची सगळ्यात पातळ पत्तीही शिरेना. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत घासत आत रुतला होता, फट संपली होती, आणि तो पुरता मिटतच नव्हता. दाबलेली हवा तिथून निसटत होती. वेगात चालताना तिला निसटायला वेळ मिळत नसे. पहाटे, हळू फिरताना, भरपूर मिळे.

“हे कुणाचं?” थोरल्यानं विचारलं. आवाजात पहिल्यासारखी धार नव्हती.

“हे कुणाचंच नाही,” चाचा म्हणाले. “नानांनंतर त्याला कुणी हात लावला नाही, म्हणून हे झालं. असले दोष फार महाग पडतात.”

सहाही टॅपेट पुस्तकातल्या मापानं लावले. पाचव्या पहाटे पेपरात निफाडचा पारा ठळक अक्षरांत आलेला होता. थोरल्यानं चावी फिरवली. तीनएक फेऱ्यांत इंजिन लागलं, पांढरा धूर एकदाच भपकन आला आणि विरला, आणि धाकट्यानं ब्लोअर जोडायला घेतला. इंजिन बांधायची गरज नव्हती.

आता पैशांचा प्रश्न आला. थोरल्यानं मनातल्या मनात हिशेब मांडून ठेवला होता: अर्थिंग धाकट्याचं, वॉशर दोघांचे, ऑइल माझं. धाकट्याचा हिशेब थोडा वेगळा होता. दोघंही चाचांच्या बिलाकडे निकाल लागल्यासारखं बघत होते.

चाचांनी कागदावर लिहिलं: पॉलिश पेपर, व्हॅसलिन, दोन वॉशर, ऑइल, ऑइल फिल्टर, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पाच दिवसांची मजुरी. खाली बेरीज. रक्कम साठ हजारांच्या जवळपाससुद्धा नव्हती.

“कुणी किती द्यायचे ते नाही लिहिलंत,” थोरला म्हणाला.

“बिलात वस्तू लिहितात, माणसं नाही,” चाचा म्हणाले. “एक सांगू? अर्थिंग नीट असतं, तर ऑइल घट्ट असूनही ट्रॅक्टर लागला असता. टाकी भरलेली असती, तर वॉशर कडक असूनही लागला असता. चारांतला एकही दोष एकटा त्याला बंद पाडण्याइतका मोठा नव्हता. चार जमले तेव्हा बंद पडला. आणि चार जमले कसे? तू त्याच्या आठवड्यातलं बघत नव्हतास, तो तुझ्या आठवड्यातलं बघत नव्हता. दोघं मिळून तुम्ही इतकं लक्ष ठेवलंत, पण एकमेकांवर. ट्रॅक्टरवर कुणाचंच नव्हतं.”

दोघांनी बिल निम्मं निम्मं दिलं. जाताना चाचांनी टूलबॉक्समध्ये एक वही ठेवायला लावली. कुणी काय बदललं, कधी बदललं, मीटरवर किती तास झाले, एवढंच त्यात लिहायचं. आणि एक नियम घालून दिला: शेवटी ज्यानं चालवला, त्यानं टाकी भरून उभा करायचा. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, ते पाणी डिझेलात उतरतं. पंप आणि नोझल त्यानंच खराब होतात. “तुझं डिझेल तो जाळेल आणि त्याचं तू. वर्षाअखेरीला हिशेब सारखाच येईल. नाही आला तर माझ्याकडून घेऊन जा.”

असं नाही, की त्यानंतर ट्रॅक्टर कधी आजारी पडला नाही. पुढच्याच जानेवारीत एका पहाटे चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’ झालं. थोरल्याच्या तोंडातून निघून गेलं, “मागच्या आठवड्यात तू—” आणि तो तिथंच थांबला. धाकटा तोवर मीटर घेऊन आला होता. अर्थिंगवर जेमतेम ०.२ व्होल्ट पडत होते. तिथं काही नव्हतं. बॅटरी मात्र स्टार्टर मारताच ७ वर कोसळत होती. रात्रभर चार्जिंगला लावून पाहिली, पुन्हा तेच. बॅटरीचं आयुष्य सरलंच होतं. निम्मे निम्मे पैसे घालून नवी आणली, तारीख वहीत लिहिली, आणि त्याच्या पुढे दोघांनी सह्या केल्या. सह्यांची गरज नव्हती, पण धाकट्याला त्यात मजा वाटली.

गावात आता कुणाचा ट्रॅक्टर थंडीत अडला, की लोक या भावांचा मीटर मागून नेतात. मागायला येणारा बहुतेक वेळा आधी सांगतो, की हे ड्रायव्हरनं केलं, पोरानं केलं, गॅरेजवाल्यानं फसवलं. थोरला सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, “ते राहू द्या. धूर कसला येतो?”

तात्पर्य: थंडीत दोष जन्माला येत नाहीत, उबदार दिवसांत ज्यांचं भागत होतं, ते उघडे पडतात. अशा वेळी ‘कुणाचं चुकलं’ म्हणून शोधणाऱ्याच्या हाती भांडण लागतं. ‘कुठं चुकलं’ म्हणून शोधणाऱ्याच्या हाती वॉशर.